आत्याबाईंचा गळ

शेततळं झालं त्या वर्षापासून आमच्या घरी कणीक पुरेनाशी झाली. सकाळी मी नीट अंदाजानं भिजवायची, ओल्या फडक्याखाली झाकून ठेवायची, आणि पोळ्या करायला बसावं तर गोळा अर्धाच. आधी वाटलं, माझाच हात चुकतोय. मग मांजरावर संशय घेतला. एकदा तर पूर्वाला, माझ्या मुलीला, उगाच रागावले. शेवटी एका दुपारी आत्याबाईंना जेवायला बोलवायला तळ्यावर गेले, तर माझी कणीक त्यांच्या पदराच्या टोकात. तिच्यात हिंग कालवून त्या वाटाण्याएवढ्या गोळ्या वळत होत्या आणि एकेक गोळी गळाला लावत होत्या.

"आत्याबाई, ही पोळ्याची कणीक हाये."

"मंग मी कुठं भाकरीची म्हतली?" त्या म्हणाल्या. नजर पाण्यावरून हलली नाही.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, कौसल्याबाई. आमचं शेत यवतमाळ जिल्ह्यात, नेरच्या अलीकडे, सडकेपासून आत. घर गावात नाही, शेतातच आहे. कापूस, तूर, सोयाबीन, आणि अलीकडे संत्र्याची बाग. आजूबाजूला नदी नाही, आणि नाला आहे तो पावसापुरता. आत्याबाईंचं माहेर मात्र पार खाली उमरखेडकडे, पैनगंगेच्या काठावर. त्यांचे वडील गळ टाकायचे आणि लहानपणी ह्या त्यांच्या शेजारी बसायच्या. लग्न झालं ते थेट माळकऱ्याच्या घरात. मामाजी, म्हणजे माझे सासरे, गळ्यात तुळशीची माळ घातलेले, एकादशी न चुकवणारे, भजनात पखवाज धरणारे. आत्याबाईंनीही माळ घातली. मासे सुटले, नदी सुटली. सगळा संसार कोरड्या काळ्या मातीत झाला आणि त्याबद्दल त्या कधी काही बोलल्याचं कोणी ऐकलं नाही.

मग गजाननानं, माझ्या नवऱ्यानं, शेततळं खोदलं. खाली प्लास्टिकचं अस्तर, भोवती तारेची जाळी. हेतू असा की पावसाचं पाणी धरून ठेवायचं आणि उन्हाळ्यात संत्र्याला द्यायचं. पाणी भरल्यावर कोणीतरी त्याच्या डोक्यात भरवलं की नुसतं पाणी ठेवून काय करतो, माशाचं बीज टाक, दोन पैसे होतील. त्यानं कोणाला न विचारता रोहू-कटल्याचं बीज आणून टाकलं. मामाजींना कळलं तेव्हा बोटभर पिल्लं हातभर झाली होती.

"माळकऱ्याच्या वावरातून मासे बाजारात जातीन?" मामाजींनी एवढंच विचारलं. मग ठरलं ते असं, की मासे विकायचे नाहीत, खायचे नाहीत, मारायचेही नाहीत. राहू द्यायचे. गजाननानं हात झटकले. मलाही वाटलं, विषय संपला.

दुसऱ्या दिवशी आत्याबाईंनी बांबूची काठी शोधली. नेरहून दोरा आणि गळ आणवला. गळाच्या टोकाशी जो उलटा काटा असतो तो कानशीनं घासून सपाट केला, म्हणजे माशाच्या तोंडातून गळ अलगद निघावा. ज्वारीच्या धांड्यातला पांढरा भेंड काढून त्याचा तरंगता तुकडा बांधला. हे सगळं त्यांनी अशा सराईतपणानं केलं की जणू गळ कालच हातातून खाली ठेवला होता.

तेव्हापासून दुपारचं जेवण झालं की आत्याबाई तळ्यावर. कधी कधी जेवणाच्या आधीच. चपला पायात न घालता हातात घेऊन त्या बांधाकडे निघाल्या, की मी समजायची, आता संध्याकाळपर्यंत ह्या घरात नाहीत. मासा लागला की त्या त्याला ओल्या हातानं धरायच्या, गळ काढायच्या, जरा वेळ त्याचं तोंड बघायच्या आणि पाण्यात सोडून द्यायच्या. मग पुन्हा कणकेची गोळी. तोच मासा पुन्हा लागला तरी चालायचं.

हाका मारल्या की एकच उत्तर. "आलीच. हालून राह्यलं." म्हणजे भेंड हलतो आहे, मासा येतो आहे. चुलीवर दूध ऊतू जात असो, दारात वीजबिलवाला उभा असो, गाईनं दावं तोडलेलं असो, आत्याबाईंचं तिकडे हालूनच राहिलेलं असे. घरात मीठ संपलं तरी आम्ही एकमेकांना "हालून राह्यलं" म्हणायला लागलो होतो. त्यांना त्याचा राग येत नसे. त्यांना ऐकूच जात नसे, निदान त्या तसं दाखवायच्या. कोण कुजबुजलं ते मात्र बरोब्बर ऐकायच्या.

एकदा मी न राहवून विचारलं, "आत्याबाई, खायाचे नाही, इकायचे नाही, मंग धरता कायले?"

"तू दिवसभर त्या मोबाइलात काय पाहतं?"

"काही ना काही असते."

"खातं का ते?"

पूर्वानं एकदा माशांना नावं ठेवायची टूम काढली, तर म्हणाल्या, "नावं कायले ठेवाची? बलावल्यावर येतीन का?" माझी नणंद पुण्याला असते. जावयांनी मोठ्या कौतुकानं सासूसाठी चकचकीत गळकाठी पाठवली, चाकवाली, लांब होणारी. आत्याबाईंनी ती उलगडून पाहिली, चाक गरगर फिरवलं आणि बाजूला ठेवली. पुढे त्या काठीनं शेवग्याच्या शेंगा पाडायला लागल्या. जावयांचा फोन आला की म्हणायच्या, "लय कामाची काठी धाडली बापा."

खरा वैताग कापसाच्या दिवसांत. वेचणीला गावातून बाया यायच्या. मी घरातलं आटोपून जाईपर्यंत त्यांच्याकडे लक्ष द्यायचं काम आत्याबाईंचं. एक दिवस मी डबे घेऊन वावरात गेले तर ओळीत एकही बाई नाही. कापसाची अर्धी भरलेली गाठोडी तशीच पडलेली. सगळ्या जणी तळ्याच्या बांधावर कंबरेला कापसाच्या ओट्या बांधलेल्या तशाच उभ्या, आणि मधोमध आत्याबाई एकीच्या हातात काठी देऊन सांगतायत, "ओढू नको. त्याले वाटलं पाह्यजे का तोच ओढून राह्यला."

मी डबे खाली ठेवले. बोलले असते तर बायांसमोर सासूचा अपमान झाला असता, आणि न बोलल्यामुळे माझ्या डोक्याची शीर तडतडत होती. बाया खाली मान घालून वावरात परतल्या. आत्याबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "त्याइचाही जीव हाये ना. वाकून वाकून कंबर मोडते." ते खरं होतं. पण कापूसही खराच होता आणि वरून आभाळ भरून येत होतं. त्या संध्याकाळी आम्ही अंधार पडेपर्यंत वेचत होतो. आत्याबाईही वेचत होत्या, आणि सगळ्यांत भराभर. हेच त्यांचं मला कळायचं नाही. कामचुकार म्हणावं तर कामाला बसल्या की कोणाला ऐकायच्या नाहीत. राग धरावा तर धरता येत नसे.

गावात अर्थातच बोललं जाऊ लागलं. माळकऱ्याची बायको दिवसभर गळ टाकते, ती काय मासे नुसते पाहते का? घरात शिजत असणारच. भजनाच्या मंडळींपैकी दोघाचौघांनी मामाजींना आडून विचारलंही. मामाजी भिडस्त माणूस. त्यांनी ठरवलं की यांना घरीच बोलवावं, स्वच्छ घर दाखवावं. एका एकादशीला मंडळी फराळाला आमच्याकडे शेतात आली. मी सकाळपासून भगर, शेंगदाण्याची आमटी, रताळ्याचा कीस यांत गुंतलेली. आत्याबाईंना आदल्या दिवसापासून बजावलं होतं की उद्या तळ्याकडे फिरकायचं नाही. त्यांनी मान डोलावली होती.

मंडळी ओसरीवर बसली. मामाजी सांगत होते, "आमच्या घरात चाळीस-पन्नास वर्षांत कधी..." आणि तेवढ्यात तळ्याकडून हाक आली. "गजू रे! गजू!"

गजानन नेरला गेलेला. मी हातातली पळी टाकून धावले, पण मामाजी माझ्या पुढे. प्लास्टिकच्या अस्तराचं तळं उतरणीला शेवाळानं इतकं निसरडं असतं की आत पाय गेला तर माणसाला वर येता येत नाही. आसपासच्या गावांत अशी माणसं गेलेली आम्हाला माहीत होती. आत्याबाई त्या उतारावर गुडघ्यावर बसलेल्या, पाणी पोटऱ्यांपर्यंत, दोन्ही हातांत काठी घट्ट धरलेली आणि दोरा ताणून आत चाललेला. कटला मोठा होता. त्या इंच इंच खाली सरकत होत्या आणि काठी काही सोडत नव्हत्या.

"सोड ते!" मामाजी ओरडले.

"काठी जाईन ना!"

मामाजींनी जाळीच्या खांबाला बांधलेला दोर एका हातानं धरला, धोतर खोचलं आणि उतारावर आडवे होऊन दुसऱ्या हातानं आत्याबाईंच्या कंबरेला विळखा घातला. मी वरून मामाजींचा सदरा धरला. आम्ही तिघं तसे किती वेळ होतो कोण जाणे. शेवटी मासा दमला किंवा कंटाळला, आणि आम्ही सगळे वर आलो. आत्याबाई, काठी आणि दोऱ्याच्या टोकाला तो मासा, मामाजींच्या पायाशी फडफडत. बांधावर भजनी मंडळ एका रांगेत उभं.

कोणी काही विचारायच्या आत मामाजी धापा टाकत म्हणाले, "म्या मासा नाही धरला बावा. गजूच्या मायले धरलं."

आत्याबाईंनी सगळ्यांसमोर शांतपणे गळ काढला, मासा पाण्यात सोडला आणि म्हणाल्या, "चला, फराळाले उशीर होते." मंडळींनी फराळ केला. पुढे गावातली कुजबुज थांबली हे मात्र खरं. पण मामाजी चार-पाच दिवस आत्याबाईंशी बोलले नाहीत. त्यांना मासा लागल्याचा राग नव्हता. मला एकदा गोठ्यात म्हणाले, "काठी जाईन म्हणे. मी म्हतलं, अन् तू गेली असती त?" हे त्यांनी आत्याबाईंना कधी सांगितलं नसावं. मी सांगितलं, तर आत्याबाई म्हणाल्या, "गेली कुठं पण?"

संत्र्याची झाडं तिसऱ्या वर्षात आली तेव्हाचा उन्हाळा वाईट निघाला. बोअर आधी रडतखडत चालला, मग नुसती हवा ओकायला लागला. चैत्र संपता संपता झाडांची पानं दुमडायला लागली. ती बाग गजाननानं आणि मी लावली होती. प्रत्येक खड्डा आम्ही दोघांनी भरला होता, आळी केली होती, पहिल्या वर्षी झाडांना ऊन लागू नये म्हणून तुऱ्हाट्यांचा, तुरीच्या वाळल्या काड्यांचा, आडोसा केला होता. आणखी एक-दोन वर्षांत फळ धरायची ती झाडं. आता पाणी उरलं होतं ते फक्त तळ्यात.

गजाननानं तळ्यात मोटर सोडली तेव्हा आत्याबाई काठी घेऊन बसलेल्याच होत्या.

"किती उपसशीन?" त्यांनी विचारलं.

"लागन तितकं."

"अर्धं ठेव."

त्यानं अर्धं ठेवलं. आठवडाभर झाडं तरली. मग ऊन आणखी चढलं. उरलेलं पाणी तापायला लागलं आणि दुपारी मासे वर येऊन तोंडं उघडायला लागले. आता पाणी ठेवूनही मासे जगतील याची खात्री नव्हती, आणि झाडं तर डोळ्यांदेखत चालली होती. संध्याकाळी अंगणात बसून गजानन म्हणाला, "यवतमाळच्या मासेवाल्याले फोन करतो. जाळं घेऊन येईन, घेऊन जाईन."

"नेऊन काय करीन तो?" आत्याबाईंनी विचारलं.

मामाजी माळेच्या मण्यांशी चाळा करत राहिले. गजाननाचा आवाज चढला. "मंग सांग ना तू. झाडं मारू का मासे मारू? दोनच गोष्टी हायेत."

आत्याबाई उठून आत गेल्या. मला वाटलं रुसल्या. मनात म्हटलं, आता ह्यांची समजूत काढायचं काम माझ्याकडे. सकाळी बघते तर त्या चपला हातात घेऊन धुऱ्याकडे, शेताच्या हद्दीकडे, चाललेल्या.

धुऱ्यापलीकडे देविदासभाऊंचं शेत. त्यांच्याशी आमचं बोलणं बंद होतं. धुऱ्यावरचं एक बोरीचं झाड नेमकं कोणाचं, यावरून मामाजींचं आणि त्यांचं बिनसलं होतं, आणि ते लोणचं चांगलं मुरलं होतं. देविदासभाऊंची विहीर नाल्याला लागून, उन्हाळ्यातही तळाशी गार पाणी धरून असायची. त्यांच्या जनावरांपुरतं आणि भाजीपाल्यापुरतं. गजानन मला म्हणाला, "जाय, मायले थांबव." मी धावत गेले, पण पोचेपर्यंत आत्याबाई विहिरीच्या काठावर बसल्याही होत्या.

"या वहिनी," देविदासभाऊ म्हणाले. "आज वाट चुकल्या का काय?"

"चुकली नाही. तुह्या विहिरीत मासे सोडाचे हायेत. पाणी पडलं का घेऊन जाईन."

देविदासभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे.

"अन् म्या काय कराचं त्याइचं?"

"काही नको करू. खाऊ नको, एवढंच."

"म्हणजे माळकऱ्याच्या माशाची म्या राखण कराची?"

"राखण कायले लागते? विहिरीतून कोठी जातीन ते?"

देविदासभाऊ हसले नाहीत, पण त्यांच्या मिशा हलल्या. "वहिनी, मी खाणारा माणूस हाये. रोज समोर दिसला त मन होते."

आत्याबाईंनी थोडा विचार केला. "मेला त खाय. मारून नको खाऊ."

"बरं," देविदासभाऊ म्हणाले. "माळकरी भाऊ काही म्हणतीन नाही ना?"

"तुह्या भाऊले मी पाहून घेतो," आत्याबाई म्हणाल्या आणि परत निघाल्या. वाटेत मला म्हणाल्या, "ड्रम धुवून ठेव. साबणाचा वास नको त्याइले."

पुढच्या दोन सकाळी आम्ही सगळे चिखलात होतो. मोटरनं पाणी गुडघ्यापर्यंत आणलं. जुन्या मच्छरदाणीची दोन टोकं गजाननानं धरली, दोन मी. पूर्वा काठावरून सांगायची, तिकडे पळाला, इकडे पळाला. अस्तरावरून मी तीनदा तरी आडवी झाले. आत्याबाईंना आम्ही आत उतरू दिलं नाही, म्हणून त्या काठावरून हुकूम सोडत होत्या. "रेखे, शेपटीकून धरू नको. पोटाखाली हात घाल. अवं, भांडं हाये का ते?" माझ्या तोंडावर चिखल, हाताला खवल्यांचे ओरखडे, आणि घरात सगळ्यांचा स्वयंपाक व्हायचाच. मी मनातल्या मनात त्यांना काय काय म्हणत होते ते लिहिण्यासारखं नाही.

मग एक मोठा कटला मच्छरदाणीतून उडी मारून थेट माझ्या अंगावर आला. मी त्याला दोन्ही हातांनी छातीशी धरलं. माळकऱ्याच्या घरची सून, त्याआधी मी जिवंत मासा कधी हातात घेतला नव्हता. तो जड होता, गार होता, आणि त्याच्या अंगात एवढी ताकद होती की माझे दोन्ही खांदे हलत होते. मी त्याला ड्रमपर्यंत कशी घेऊन गेले मला माहीत नाही. आत्याबाई माझ्याकडे बघत होत्या. पहिल्यांदाच त्यांनी काही सूचना केली नाही.

ट्रॉलीतून ड्रम देविदासभाऊंच्या विहिरीवर गेले. मग तळ्याचं उरलेलं सगळं पाणी बागेला गेलं. आत्याबाईंनी स्वतः टोपलीनं कुटार, म्हणजे मळणीचा भुसा, वाहून प्रत्येक झाडाच्या आळ्यात पसरलं, ओल उडू नये म्हणून. उताराकडची काही झाडं वाळली. बाकीची राहिली. मृगाचं पाणी पडलं तेव्हा त्यांना कोवळी पानं फुटलेली होती.

त्या उन्हाळ्यात देविदासभाऊंच्या विहिरीतल्या माशांना मात्र मरण फार वरचेवर येऊ लागलं. आत्याबाई दर दोन-तीन दिवसांनी धुरा ओलांडून चौकशीला जायच्या.

"पूर्वा म्हणते एक गेला. कशानं मेला?"

"गर्मीनं, वहिनी."

"अन् मंगळवारचा?"

"तो म्हाताराच होता."

आत्याबाई त्यांच्याकडे बराच वेळ बघत बसायच्या आणि उठून यायच्या. घरी येऊन म्हणायच्या, "खोटं बोलते. पण तोंड पाडून बोलते, म्हणून म्या जाऊ देलं."

तळं श्रावणात भरलं. देविदासभाऊ म्हणाले, घेऊन जा मासे. पण खोल विहिरीत मच्छरदाणी कशी चालणार? मग आत्याबाईंनी काठी काढली. शेतात निंदण चाललेलं, बैलांमागे डवरे चाललेले, माझे हात मातीनं फुटलेले, आणि ह्या विहिरीच्या काठावर. एक मासा लागला की बादलीत टाकायचा, बादली घेऊन धुरा ओलांडायचा, चिखलातून तळ्यापर्यंत यायचं, मासा सोडायचा, रिकामी बादली घेऊन परत जायचं. मी म्हटलं, "आत्याबाई, दोन-चार गोळा करून तरी आना."

"दाटी होते त्याइले."

चिखलात एकदा त्या पडल्या. दुसऱ्या दिवसापासून बादली मामाजींच्या हातात दिसायला लागली. गळ्यात माळ, कपाळाला बुक्का, हातात मासा असलेली बादली, आणि मागून आत्याबाई चपला हातात घेऊन. गजाननानं काही बोलायला तोंड उघडलं, तर मामाजी म्हणाले, "वजन हाये त्यात. एकटीनं नेऊ देऊ का?" देविदासभाऊ त्यांना विहिरीवर चहा द्यायचे. मामाजी आधी उभ्यानं घ्यायचे, नंतर बसून. बोरीचा विषय कोणी काढत नसे. तो अजूनही तसाच आहे.

सगळा पावसाळा हे चाललं. किती मासे परत आले, किती विहिरीत राहिले आणि किती देविदासभाऊंच्या ताटात गेले, कोणी सांगू शकणार नाही. दसऱ्याच्या सुमारास आत्याबाई एकदम म्हणाल्या, "राहू दे बाकीचे. देविदासले करमत नाही त्याइच्याबिगर." आणि दुसऱ्या दिवशी दुपारी आमच्या तळ्यावर जाऊन बसल्या.

त्या गेल्या त्या हिवाळ्यात. आजारी नव्हत्या. दुपारी जेवून पडल्या आणि उठल्या नाहीत. मी घरी नव्हते. तुरीवर फवारायचं औषध आणायला नेरला गेले होते.

निघताना मी घाईत होते. दुकानं दुपारी बंद होतात आणि आधीच उशीर झालेला. स्कूटी घेऊन शेताची वाट संपवून मी सडकेला लागणार, तेवढ्यात मागून हाक आली. "रेखे! अवं रेखे!" वळून पाहिलं. आत्याबाई फाटकापाशी उभ्या, एक हात कपाळावर आडवा धरलेला. मी तिथूनच ओरडले, काय? त्यांनी नुसता हात हलवून ये म्हणून खुणावलं. दगडगोट्यांतून स्कूटी वळवून मी एवढ्या लांब परत गेले. मनात म्हटलं, काहीतरी आणायचं राहिलं असणार, नाहीतर पूर्वाला काही झालं.

"आज बुधवार हाये ना?" त्यांनी विचारलं.

"हो. काहून?"

"काही नाही. जाय."

"याच्यासाठी बलावलं मले?"

"तिथून इचारलं असतं त तुले आयकू आलं असतं का?"

मी स्कूटी फिरवली. रागानं मूठ जरा जोरातच पिळली. वळणावर आरशात त्या दिसल्या. फाटकातून आत चालल्या होत्या, हळूहळू, एका हातानं पदर सावरत, आणि दुसऱ्या हाताची बोटं एकेक करून दुमडत काहीतरी मोजत होत्या.

आमच्याकडे बुधवार ना बाजाराचा, ना उपासाचा. मी मामाजींना विचारलं, गजाननाला विचारलं, पुण्याला नणंदेला फोन करून विचारलं. बुधवारी त्यांचं काय होतं, कोणालाच माहीत नाही.